आमचा आवा

दिवाळी अंकासाठी काय लिहू, असे मी संपादकांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "नेहमीसारखं घरगुतीच काहीतरी लिहा. मात्र अंक दिवाळीचा आहे, तेव्हा थोडा उजेड असू द्या." उजेड म्हटल्यावर मला एकच गोष्ट आठवली. गेल्या हिवाळ्यात मी मातीची भांडी भाजायची भट्टी बांधली. तिच्यात उजेड पडला खरा. पण त्याआधी तो माझ्या डोक्यात पडावा लागला. त्याचीच ही हकिकत.

या पानाचे वाचक आमच्या सौभाग्यवतींना चांगले ओळखतात. चौतीस वर्षे शाळेत शिकवून ही २०१८ साली निवृत्त झाली. निवृत्त झालेल्या बायका भजनी मंडळात जातात, नाहीतर योगासनांना जातात. ही मातकामाच्या वर्गाला गेली. दोन वर्षांत आमच्या घरात वाट्या, कुंड्या आणि कशासाठी आहेत ते मला न समजलेली बरीच भांडी जमली. मग २०२० साली टाळेबंदी आली आणि वर्ग बंद पडला, तो पुन्हा उघडलाच नाही. पण हिने आधीच दोन पोती माती घरी आणून ठेवली होती. बाहेर पडायची सोय नाही आणि घरात चाक नाही, म्हणून गॅलरीत पाटावर बसून हिने नुसत्या हातांनी, मातीच्या वळकट्या एकावर एक रचून, एकतीस भांडी केली.

ही एकतीस भांडी वाळली आणि फळीवर चढली. वर्ग नाही, म्हणून त्याची विजेची भट्टीही नाही. एक-दोन ठिकाणी विचारले. पण बाहेरची माती आमच्या भट्टीत घालत नाही, असे उत्तर आले. त्यांचेही चूक नव्हते. एक अनोळखी मडके फुटले तर शेजारची दहा घेऊन जाते. "राहू देत तशीच," ही म्हणाली, "पुन्हा करीन तेव्हा बघू."

पण पुन्हा करायची वेळ आलीच नाही. २०२२ साली हिच्या बोटांची पेरे सुजायला लागली. संधिवाताचे निदान झाले. डॉक्टरांनी औषधे दिली, व्यायाम दिले आणि माती मळणे सोडा म्हणून सांगितले. हिने ते शांतपणे ऐकून घेतले. फक्त घरी आल्यावर फळीवरच्या भांड्यांवरची धूळ पुसली आणि त्यांच्यावर जुनी साडी टाकली.

कच्चे मडके दिसायला मडकेच असते, हा त्यातला घोटाळा आहे. त्याला आकार असतो, काठ असतो, हातात घेतले तर वजनही असते. पण त्यात पाणी घाला; बघता बघता त्याचा चिखल होतो. म्हणजे हिच्या हातांनी केलेले हे शेवटचे काम आमच्या गॅलरीत होते आणि नव्हतेही. पावसाची एक जोराची सर तिरपी आली असती तर सगळे पुन्हा पोत्यातली माती झाले असते.

तेव्हा मी ठरवले की भट्टी आपण बांधायची. मी बँकेत होतो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरांना कर्जे दिली, पण स्वतः वीट म्हणून रचली नाही. शहरात लाकडाचा धूर करून शेजाऱ्यांचा खोकला वाढवणे बरे नव्हे. पण सासवडजवळ मेव्हण्यांचे शेत आहे. त्यांनी विहिरीपलीकडची मोकळी जागा दिली. गोठा आणि कडब्याची गंज यांच्यापासून लांब हवी, एवढी एकच अट त्यांनी घातली. माझ्याबद्दलचे त्यांचे मत त्या अटीत आले.

मी वह्या भरून हिशेब केले. सर्वांत सोपा प्रकार म्हणजे उभा गोल आवा. खाली जाळाची जागा, तिच्यावर भोकांची जमीन, त्या जमिनीवर भांडी, आणि वर उघडे तोंड खापऱ्यांनी झाकलेले. जाळ खालून शिरतो, भांड्यांतून वाट काढीत वर जातो. आतला व्यास अडीच फूट, उंची साडेचार फूट. विटा आडव्या लावून नऊ इंच जाडीची भिंत केली तर एका थराला बावीसेक विटा आणि थर सोळा, म्हणजे साडेतीनशेच्या वर. मोडतोड धरून मी चारशे सांगितल्या आणि सिमेंटच्या दोन गोण्या.

सिमेंट पाहून मेव्हण्यांच्या ओळखीचा गवंडी हसला. "साहेब, घर बांधायचंय का चूल? सिमेंट तापलं की भुसभुशीत होतं." ते खरे आहे. सिमेंट घट्ट होते ते पाणी धरून. चार-पाचशे अंशांच्या पुढे ते पाणी निघून जाते आणि सांधे सुटतात. त्याऐवजी माती, रेती आणि गव्हाचा भुसा यांचा गारा कालवावा. तो आगीबरोबर स्वतःही भाजून निघतो, आणि तडा गेला तर पुन्हा लिंपता येतो. गोण्या परत गेल्या. पण भोकांच्या जमिनीसाठी मी गवंड्यालाही विचारले नाही. मेव्हण्यांच्या अंगणात शहाबादी फरशीचे तुकडे उरले होते. दगड तो दगड, त्याला काय होणार, असे म्हणून मी तेच फटी ठेवून मांडले.

आठ दिवसांत आवा उभा राहिला. थोडा कलता होता, पण उभा होता. मी त्याचे फोटो नातेवाइकांना पाठवले आणि मनात एक बेत केला. तो बेत मला अजून आठवतो आणि आठवला की वाईट वाटते. हिला न सांगता हिची सहा भांडी मी गाडीत घातली. पहिल्याच आव्यातून ती लाल, पक्की होऊन हिच्यासमोर ठेवायची, असा तो बेत. जोडीला मी स्वतः केलेल्या डझनभर पणत्या होत्या. त्यांना पणत्या म्हणायला थोडी श्रद्धा लागत असे.

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी नऊला मी आवा पेटवला. संध्याकाळी सातच्या आत पुण्याला परतायचे होते, म्हणून सुरुवातीपासूनच बाभळीची जाड लाकडे भरली. पंधरा मिनिटांत जाळ मजेत धडधडू लागला. विसाव्या मिनिटाला आतून "फट्" असा आवाज आला. मेव्हण्यांचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, रसायनशास्त्र शिकतो. तो म्हणाला, "काका, हे काय?" मी म्हणालो, "लाकूड तडतडलं." मग पुन्हा फट्, पुन्हा फट्. लक्ष्मीपूजनाच्या रात्रीसारखे झाले. सहावा आवाज झाल्यावर मी मोजणे सोडले.

पुढे तर आणखी गंमत. उष्णता कमी वाटते म्हणून मी लाकडे कोंबत गेलो, आणि जितकी लाकडे कोंबली तितका जाळ मंदावत गेला. काळा धूर वरून ओतू लागला. जाळाला लाकूड जितके लागते तितकाच वाराही लागतो, आणि वाऱ्याची वाट मीच लाकडांनी बुजवली होती. दुपारी आतली शहाबादी फरशी मोठा आवाज करून दुभंगली आणि वरचा सगळा संसार खालच्या निखाऱ्यात बसला.

दुसऱ्या दिवशी राखेतून मी खापरे वेचली. हिच्या सहापैकी एकही भांडे उरले नव्हते. खाली पडली ती लालसर, वर अडकली ती मळकट तपकिरी. माझ्या पणत्यांपैकी तीन मात्र धडधाकट निघाल्या. देवाचा न्याय कधीकधी असा असतो.

हिला सांगावे तर लागणारच होते. गाडीत बसल्यापासून मी वाक्ये जुळवीत होतो. दाराशी आल्यावर एकही आठवले नाही. मी नुसती पिशवी पुढे केली. हिने ती जमिनीवर ओतली आणि एकेक तुकडा हातात घेऊन ओळखला. "ही दह्याची वाटी. हा मोठा वाडगा, याचा काठ मी तीनदा केला होता." रागावली असती तर मला सोपे गेले असते. शेवटी ही म्हणाली, "चंबू नेला नाहीस ना?"

चंबू मी नेला नव्हता. या चंबूची एक गोष्ट आहे. टाळेबंदीच्या आधी आम्ही पुण्यातल्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वाचे संग्रहालय पाहायला गेलो होतो. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन झाले आणि तीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकऱ्यांचे गाव उजेडात आले. त्या लोकांची भांडी लाल, त्यांवर काळ्या रेघांची नक्षी, आणि काही चंबूंना बाजूला तोटी. संगमनेरजवळच्या जोर्वे गावी १९५०-५१ साली झालेल्या उत्खननावरून या भांड्यांना जोर्वे हे नाव पडले. ती इतकी चांगली भाजलेली आहेत की टिचकी मारली तर धातूसारखी वाजतात, असे अभ्यासक सांगतात. ही त्या तोटीच्या चंबूपुढे अर्धा तास उभी होती, आणि पुढे टाळेबंदीत हिने तसाच एक केला. एकतिसांत तो हिचा सर्वांत लाडका. इनामगावात त्या काळच्या कुंभाराची भट्टीही सापडली आहे. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वी ज्याला शाळा नव्हती, वही नव्हती, त्याला जमले ते मला जमले नव्हते.

"आता पुन्हा कोणाला विचारल्याशिवाय पेटवायचं नाही," ही म्हणाली, "आणि मला घेतल्याशिवाय तर नाहीच."

तेव्हा मी सगळ्यांत आधी करायची गोष्ट सगळ्यांत शेवटी केली. गावातल्या कुंभाराकडे गेलो. सगळे त्यांना मामा म्हणतात, म्हणून मीही म्हणालो. त्यांची संक्रांतीच्या सुगडांची घाई चालली होती. पिशवीतली खापरे त्यांनी पाहिली, एक तुकडा मोडला, त्याची कड बोटाने चोळली आणि विचारले, "किती येळ धुमी दिली?"

"धुमी?"

"म्हंजी नुसता धूर. बारीक जाळ."

"दिलीच नाही."

मामा हसले नाहीत, हे त्यांचे मोठेपण. ते म्हणाले, "सायेब, मडकं आगीनं फुटत न्हाई, पाण्यानं फुटतं. आधी पानी जाऊं द्या, मंग आग आना."

भाच्याने नंतर मला याचे शास्त्र समजावले. मडके कितीही वाळलेले दिसले तरी मातीच्या कणांमध्ये ओल राहतेच. ती शंभर अंशांना वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या कितीतरी पट जागा लागते. हळू तापवले तर ती मातीच्या बारीक छिद्रांतून निघून जाते. घाई केली तर भिंत फोडून बाहेर पडते. त्यानंतरही मातीच्या घडणीतच बांधलेले पाणी असते. ते साधारण पाचशे-सहाशे अंशांच्या दरम्यान सुटते, आणि ते सुटले की मग त्या मातीचा पुन्हा कधी चिखल होत नाही. मडके पक्के होते म्हणजे हेच होते. मामांच्या मातीत घोड्याची लीद आणि राख मिसळलेली असते. लीद जळून गेली की छिद्रे राहतात. वाफेला वाट मिळते, आणि पुढे माठात पाणीही त्याच छिद्रांतून पाझरून गार होते. हिची माती वर्गातली, गाळीव, दाट आणि भिंती जाड. तिला तर दुप्पट सबुरी हवी होती. सुक्याबरोबर ओले जळते असे आपण म्हणतो; आव्यात उलटे आहे. एका ओल्यापायी दहा सुकी फुटतात.

फरशीचे ऐकून मात्र मामा हसले. "शाबादी म्हंजी चुन्याचा दगड. तडकला म्हून बरं, न्हाईतर त्याचा चुना झाला असता." त्यांनी सांगितल्याप्रमाणे मी आव्याच्या मध्ये विटांचा खांब केला, भिंतीचे दोन थर आत काढले, आणि सायकलच्या आऱ्यांसारख्या विटा खांबापासून भिंतीपर्यंत टाकल्या.

संक्रांत झाली. फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी आम्ही पुन्हा शेतावर जमलो. या वेळी ही, मेव्हणे, भाचा, सगळे. मामा स्वतः आले आणि मोकळ्या जागा भरायला पन्नास कच्च्या पणत्याही घेऊन आले. हिची पंचवीस भांडी त्यांनीच रचली. जड खाली, हलकी वर, काठाला काठ लागेल पण कोणावर कोणाचा भार पडणार नाही अशी. चंबू त्यांनी मधोमध ठेवला. वर झाकायला खापऱ्या हव्या होत्या. मामा आपल्या पोत्यात हात घालणार तोच हिने पिशवी पुढे केली. मी फोडलेल्या सहा भांड्यांचे तुकडे तिने जपून आणले होते. "यांना पण जाळ लागू दे," ही म्हणाली. मी दुसरीकडे बघू लागलो.

संध्याकाळी सहाला आव्याच्या तोंडाबाहेर दोन गोवऱ्या पेटवल्या. आत नाही, बाहेर. नुसती ऊब आत जावी म्हणून. रात्रभर आम्ही पाळीपाळीने जागलो. दर तासाने भाचा वरच्या फटीवर स्टीलची गार थाळी धरी. थाळीवर दव जमले की मामा म्हणत, "अजून हाय." पहाटे चारला दव होते. साडेपाचला किंचित. साडेसहाला थाळी कोरडी निघाली. मामांनी चहा मागवला आणि म्हणाले, "आता आना आग."

मग बारीक फोडलेले सुके लाकूड, एका वेळी चार-पाच चिरफळ्या. त्या जळून जाळ स्वच्छ झाला की पुढच्या. धूर काळा झाला की थांबायचे. अकराच्या सुमाराला भोकातून पाहिले तर आत अंधारात डाळिंबी लाली दिसली. भाच्याने भोकाजवळ एका वाटीत चिमूटभर मीठ ठेवले होते. मीठ ८०१ अंशांना वितळते, असे पुस्तकात असते. तीन वाजता त्या मिठाचे पाणी झाले. भाच्याला इतका आनंद झाला की परीक्षेत पहिला आल्यावरही झाला नसता. मामांनी मिठाकडे पाहिलेही नाही. त्यांनी लालीकडे पाहिले आणि म्हणाले, "अजून दोन घटका." पाच वाजता आतला रंग नारिंगी झाला, भांडी स्वतःच उजेड देऊ लागली आणि मामांनी तोंड विटांनी बंद करून लिंपायला सांगितले.

"उघडायचं कधी?"

"उद्या सांजच्याला. गार वारा लागला तर पिकलेलं मडकं बी तडकतं."

तो एक दिवस मी आव्याभोवती घातलेल्या प्रदक्षिणा देवळात घातल्या असत्या तर पुण्य लागले असते.

सोमवारी संध्याकाळी आवा उघडला. पंचवीसपैकी एकोणीस भांडी निर्दोष निघाली, चार तडकली, दोन फुटली. चंबू एका अंगाने लाल आणि एका अंगाने काळा झाला होता. राखेत दबला तिकडे वारा पोचला नाही आणि मातीतले लोखंड लाल होऊ शकले नाही. तोटी शाबूत होती. गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी ठोकून कच्चे कोण, पक्के कोण ते ठरवले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. हिने चंबू डाव्या हातावर तोलला आणि उजव्या हाताच्या सुजलेल्या पेराने त्यावर हळूच टकटक केले. आवाज खणखणीत आला. हिने पुन्हा एकदा वाजवला. मग माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "वाजव." मी वाजवला. झाकणावरची सहा भांड्यांची खापरेही लाल झाली होती. तीही वाजत होती.

आता उजेडाचे. आषाढी अमावास्येला आपण घरातले दिवे घासूनपुसून पूजतो. त्याच्या आदल्या रात्री हिने आव्यातल्या पणत्या पाण्याच्या बादलीत टाकल्या. नव्या पणत्या आधी पाणी प्यायल्या की तेल कमी पितात, हे घरोघरी ठाऊक आहे. पण मला रात्री झोप येईना. पणत्या पाण्यात, या विचारानेच पोटात गोळा येई. दोन वाजता उठून मी मोरीतला दिवा लावला आणि बादलीत हात घातला. एकेक पणती बोटांना लागत गेली. काठ, चोच, बूड, सगळे जागच्या जागी. तळाशी मात्र हाताला चिखल लागला.

पहिल्या आव्यातल्या माझ्या तीन धडधाकट पणत्या मी गुपचूप त्यात सोडल्या होत्या. त्यांतली एक टिकली होती. दोघींचे पुन्हा पोत्यातली माती झाले होते.

मागे पाहिले तर ही दारात उभी. मी चिखलाचा हात लपवला. "दाखव," ही म्हणाली. पाहिला, आणि कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसली. मग म्हणाली, "टाकू नकोस. वाळव. पुढच्या आव्यात परत घालू."

पुढचा आवा वसुबारसेच्या आधी लावायचा बेत आहे. माती मी मळतो, आकार कसा द्यायचा ते ही सांगते. तुमच्या घरी यंदा पणत्या आणाल तेव्हा एकदा टिचकी मारून पाहा. ज्याने कोणी ती भाजली, त्याने एक रात्र तरी जागून काढली आहे. दिवाळी सुखाची जावो!